कळण्याची भाकरी, भरीत आणि साडूंची वाइन

केळीवाला_यावल

राम राम मंडळी. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला आणि आमच्याकडे भरताचे दिवस सुरू झाले. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी शेतात भरीत पार्टी ठेवली आहे. बावीस माणसं. त्यात नाशिकचे माझे साडू सहकुटुंब येताहेत, आणि प्रश्न त्यांच्यामुळेच पडला आहे.

साडू दिंडोरीकडचे. त्यांची बाग वाइनच्या द्राक्षांची. मागच्या फेब्रुवारीत ऐन तोडणीत मी त्यांच्याकडे चार दिवस होतो. ऊन चढायच्या आत द्राक्षं वायनरीत पोचली पाहिजेत म्हणून पहाटे चारलाच डोक्याला बॅटरी बांधून बाया-माणसं घड कापत होती. त्या रात्री साडूंनी एक बाटली उघडली. आमच्या गावाकडे पिणं म्हणजे अंधारात, घाईत, उपाशीपोटी, घरच्यांपासून लपून. तिथे साडू, माझी मेहुणी, तिचे सासरे सगळे एकत्र बसलेले, जेवण चाललेलं, आणि तासाभरात कुणाचा पहिला ग्लासही संपला नव्हता. पिण्याची अशीही रीत असते हे मी पंचावन्नाव्या वर्षी पाहिलं. मला ते मनापासून आवडलं.

मग एप्रिलमध्ये मी घरी एक रेड वाइन आणली. दुकानदार म्हणाला, रेड फ्रिजमध्ये ठेवायची नसते, रूम टेम्परेचरलाच प्यायची. एप्रिलात आमच्या ओसरीवर रात्री आठलाही अंगाची लाही होते. बायकोनं काळ्या मसाल्याची शेवभाजी केली होती, वर बोटभर तर्री. पहिला घास, त्यावर पहिला घोट, आणि तोंडात जाळ झाला. वाइन काढ्यासारखी कोमट, नाकात नुसता दारूचा भपका, जीभ कोरडी पडून टाळूला चिकटली. बाटली तशीच राहिली आणि आठ दिवसांनी आंबट झाली म्हणून ओतून दिली. पैसे गेले त्याचं एवढं नाही. साडूंनी इतक्या मायेनं दाखवलेली गोष्ट आपल्या घरी, आपल्या जेवणाबरोबर उतरली नाही, हे लागलं.

आता बेत सांगतो. वांगी बामणोदची. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून वांगी म्हटलं की बामणोदच. कपाशीच्या काड्यांवर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत मुसळीनं ठेचायची, मग हिरव्या मिरची-लसणाची फोडणी, अख्खे शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, पुऱ्या, मुळा, ताक. साडू म्हणताहेत, तीन-चार बाटल्या आणतो.

तर सांगा: भरताबरोबर कोणती वाइन जाते? किती गार लागते? शेतात फ्रिज नाही. मिरची कमी करावी लागेल का? ताक ठेवायचं की नाही? आणखी एक. आई ७९ वर्षांची, माळकरी. तिला विचारल्याशिवाय शेतात बाटली येणार नाही, पण विचारण्याआधी मला स्वतःला नीट माहिती असायला हवी.

चोपड्याची_लेक

दादा, माझं माहेर चोपडा. गेली नऊ वर्षं नाशिकला एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये पाहुण्यांना वाइन चाखवण्याचं काम करते. तुमचा प्रश्न वाचून आजच उत्तर लिहायला बसले, कारण माहेरचं भरीत आणि इथली वाइन यांची गाठ मी घरी दर हिवाळ्यात घालते.

आधी ते ‘रूम टेम्परेचर’. ती खोली युरोपातली, जुन्या दगडी घरातली. तिथे १६ ते १८ अंश असतात. आपल्या यावल-चोपड्याला तो शब्द लावायचाच नाही. उन्हाळ्यात रेडसुद्धा प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये हवी. वाइन जितकी गरम, तितका तिच्यातल्या अल्कोहोलचा भपका नाकात जातो. तुमचं तेच झालं.

दुसरं कारण मिरचीचं. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या नसांना ‘भाजतंय’ असा निरोप द्यायला लावतं, त्याच नसांना अल्कोहोलही चेतवतं. म्हणजे तिखटावर जड वाइन घेतली की आग दुप्पट. त्यात रेडमध्ये सालीचं आणि बियांचं टॅनिन उतरलेलं असतं. कच्च्या जांभळानं तोंड जसं आवळतं ना, तसं ते आवळतं. तुमची जीभ टाळूला चिकटली ती त्यामुळे.

भरताला शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन घ्या. मूळ फ्रान्समधल्या लुआर नदीकाठची द्राक्षाची जात, पण नाशिकच्या मातीत छान रुळली आहे. सुलाची वायनरी २००० साली सुरू झाली, त्यानंतर इथे एकेक करत बऱ्याच वायनऱ्या उभ्या राहिल्या, आणि शेनिन जवळपास प्रत्येकीकडे मिळते. आमच्या बऱ्याच शेनिनमध्ये किंचित गोडी शिल्लक ठेवतात. ती गोडी मिरचीला आवरते, आणि तिचा आंबटपणा शेंगदाणा-खोबऱ्याचं तेल जिभेवरून काढून नेतो. दुसरा पर्याय रीझलिंग, तीही पांढरीच. बुडबुड्यांची स्पार्कलिंग असेल तर पुरीबरोबर फारच बहार. लाकडी पिंपात मुरवलेली भारी रेड मात्र भरताला देऊ नका. वांग्यालाच इतका धूर लागलेला असतो की वर पिंपाचा वास नको होतो.

मिरची अजिबात कमी करू नका. पाहुण्या वाइनसाठी घरचं भरीत का बदलायचं? आणि ताक हवंच. दुधा-ताकातलं केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून धुऊन नेतं, ते काम वाइन करू शकत नाही. ताक तहानेला, वाइन चवीला, पाणी दोन्हींच्या मध्ये.

फ्रिज नसला तरी चालेल. घमेल्यात बर्फ, त्यात पाणी, दोन मुठी जाडं मीठ. बाटली मानेपर्यंत बुडवायची. वीस मिनिटांत शेनिन हवी तशी, ८ ते १० अंशांपर्यंत गार होते. नुसत्या कोरड्या बर्फात वेळ लागतो, कारण बर्फ बाटलीला जागोजागीच टेकतो. पाणी चहूकडून भिडतं. ७५० मिलीच्या बाटलीत पाच ग्लास बसतात, त्यावरून हिशोब करा. उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवा.

जिभाऊ_धुळे

भो, वाइनचं ताईंनी सांगितलंच. तुमच्या त्या शेवभाजीवर मी बोलतो, कारण तिथे बिअरच पाहिजे, हे माझं ठाम मत.

मी २२ वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये काढली. मुंबई-आग्रा रोडवर शिरपूरपासून मालेगावपर्यंत कुठल्या ढाब्याची शेवभाजी कशी, हे मला तोंडपाठ. खरी शेवभाजी ताटात आली की शेव अजून कुरकुरीत असते. रस्सा उकळता, शेव वरून शेवटच्या क्षणी, आणि तर्री काळी, लाल नव्हे. कांदा आणि सुकं खोबरं थेट विस्तवावर काळं होईपर्यंत भाजलेलं असतं, त्याचा तो रंग.

हिच्याबरोबर आपल्याकडे सगळे स्ट्राँग मागवतात. ८ टक्क्यांपर्यंतची. तीच चूक. ताईंनी सांगितलेलं गणित इथेही लागू: अल्कोहोल जास्त, आग जास्त. साधी माइल्ड लागर बिअर घ्या, साडेचार-पाच टक्क्यांची, चांगली गार. हॉप्सची (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांची) जास्त कडू बिअरही तिखटावर नको, कडूपणा आणि मिरची एकमेकांना चढवतात.

माझी सगळ्यात आवडती सांगतो. पोरगा पुण्यात असतो. तिथल्या एका मायक्रोब्रुअरीत त्यानं मला गव्हाची बिअर पाजली, जर्मनीतल्या बव्हेरियाच्या पद्धतीची. ग्लास नाकाशी नेला आणि रावेरच्या केळीच्या वखारीत उभा असल्यासारखं वाटलं! मी पोराला म्हटलं, यात केळी घातली आहे. तो म्हणाला, नाही आबा, यीस्टच आंबवताना तो वास तयार करतं. पिकल्या केळीत जे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट असतं, तेच इथे. केळीवाले भाऊ, तुम्ही तर ही प्यायलाच पाहिजे. बेल्जियमच्या पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल घालतात. तीही चालेल, आपल्या काळ्या मसाल्यात धने असतातच.

एक सांभाळा. बिअरची बाटली उन्हात ठेवू नका, हिरवी किंवा पांढरी असेल तर अजिबातच नको. उजेडानं हॉप्स बिघडतात आणि घाण वास सुटतो. तपकिरी काच त्यासाठीच असते. आणि शेतातून परत निघताना गाडी ज्यानं घेतली नाही त्याच्याच हातात. माझ्या धंद्यात मी यावरून माणसं कामावरून काढली आहेत.

आसोद्याची_मावशी

बाबा, मी यातलं काही घेत नाही, पण भरताबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. वांगी घेताना हलकी बघून घे. जड निघालं तर आत बी. भाजायच्या आधी तेलाचा हात लाव आणि दोन ठिकाणी टोच, नाहीतर जाळात फुटतात. बावीस माणसांना दहा किलो लागतील. आणि न पिणाऱ्या बायका-लेकरांसाठीही काहीतरी चांगलं कर, नुसतं पाणी ठेवू नको. बोरं नाहीतर चिंच-गूळ कोळून, जिरं घालून सरबत कर. आईला आधी सांगतो आहेस ते बरं करतोस.

धडगावचा_मास्तर

साहेब, थोडं वेगळं. आमच्या सातपुड्यात पावरा-भिलांच्या घरी मोहाची असते. फुलं मार्च-एप्रिलात पडतात, पहाटे उठून वेचतात. कार्याच्या वेळी आधी जमिनीवर धार सोडतात, देवाच्या आणि पूर्वजांच्या नावानं, मग माणसं घेतात. सगळ्यांसमोर, म्हाताऱ्यांच्या सोबत बसून पिणं खान्देशात नवीन नाही, एवढंच सांगायचं होतं. पण पार्टीसाठी कुणाकडून मोहाची विकत आणू नका. परवाना नसतो आणि आत काय मिसळलंय ते कळत नाही. वाइन-बिअरलाही २१ वर्षांची अट आहे, पोरांना दूर ठेवा.

केळीवाला_यावल

मंडळी, पार्टी झाली. उशिरा लिहितोय, केळीच्या बागेत घड कापणी सुरू होती.

आईला मी दोन दिवस आधी विचारलं. ताईंनी लिहिलेलं, मास्तरांनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, जेवायच्या पंगतीत नको, पानावर अन्न असताना नको. त्याआधी शेकोटीपाशी बसा, आणि माझ्यासमोर बसा, मागे नको. तिचं ऐकलं. भरीत भाजेपर्यंतचा दीड तास वाइनचा, पंगत ताकाची.

त्यामुळे एक गोष्ट कळली, जी नाहीतर कळली नसती. काड्यांचा जाळ बसला होता, पहिली वांगी काढली. साल अजून हाताला चटके देत होती. मी एकाची साल सोलली, आतला गर पांढरट-हिरवा, वाफाळता, देठापासून लांब धाग्यांनी सुटणारा. बडगीत टाकायच्या आधी त्यातला लहान तुकडा पानावर घेतला, वर चिमूटभर मीठ, बाकी काही नाही. मिरची नाही, फोडणी नाही. त्यावर शेनिनचा घोट. धुराचा वास वर आला, मग वांग्याची गोडी, मग पेरूसारखं काहीतरी वाइनमधून, आणि सगळं एकत्र गिळलं गेलं. साडूंना दिला, मेहुणीला दिला. दोघं काहीच बोलले नाहीत, फक्त पुढचं वांगं कधी निघतंय ते बघत बसले. फोडणी दिलेल्या भरताबरोबरही एक घोट घेऊन पाहिला, पंगत मांडायच्या आधी चव बघताना. चांगलाच लागला, जाळ अजिबात नाही. पण माझ्या मते वाइनची जागा ठेचायच्या आधी आहे, नुसत्या भाजलेल्या गराबरोबर.

साडूंनी शिराझ नावाची एक रेडही आणली होती. घमेल्यात पाच मिनिटं ठेवून दिली, कारण त्या संध्याकाळी हवाच गार होती. ती भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर बरी वाटली, वांग्याशी नाही जमली. तीन बाटल्यांत आम्ही सात जण. कुणाचा आवाज चढला नाही. मिठाच्या पाण्याची युक्ती अगदी बरोबर, वीस मिनिटंही लागली नाहीत. मावशी, बोराचं सरबत आधी संपलं. पिणाऱ्यांनीही तेच मागितलं.

आईनं माझा ग्लास हातात घेऊन वास घेतला. “द्राक्षाला पेरूचा वास कसा येतो रे?” असं साडूंना विचारलं, आणि साडू तिच्या शेजारी बसून अर्धा तास बागेचं, छाटणीचं, तोडणीचं सांगत होते.

जिभाऊ, शेवभाजी आणि गव्हाची बिअर आता मार्चमध्ये, पुण्याला भाच्याकडे जाईन तेव्हा. शेव इथून घेऊन जाणार.

आणि आता पुन्हा एक प्रश्न. साडूंना नाशिकला न्यायला बडगी हवी आहे, मुसळीसकट. आमची आजोबांच्या वेळची, ती देता येत नाही. चांगल्या मुरलेल्या लाकडाची, एकसंध कोरून देणारा सुतार फैजपूर-सावद्याच्या बाजूला कुणाच्या माहितीत असेल तर कळवा.