खरी अडचण ‘रिझल्ट’ची

‘टर्बो पास्कल ७ (पास्कल भाषेचा जुना कंपायलर) चा कोड फ्री पास्कल या नव्या कंपायलरमध्ये नेताना व्हेरिएबलची क्लास, ट्राय, प्रॉपर्टी ही नावं बदलावीच लागतात’ असं म्हटलं जातं, ते तितकंसं बरोबर नाही. हे शब्द राखीव, म्हणजे भाषेनं स्वतःसाठी ठेवलेले, होतात ते फ्री पास्कलच्या ऑब्जेएफपीसी आणि डेल्फी मोडमध्ये (मोड म्हणजे कंपायलरनं पास्कलची कोणती बोली मानायची ते ठरवणारी सेटिंग). टीपी, म्हणजे टर्बो पास्कलचा, मोड ठेवला तर ही नावं तशीच चालतात. मोड बदलायचाच असेल तर नावाआधी अँपरसँड (&) लावूनही भागतं.

मला खरा त्रास झाला तो ‘रिझल्ट’चा. तो राखीव शब्द नाही, त्यामुळे कंपायलर चकार शब्द काढत नाही. माझ्या गुणपत्रिकेच्या प्रोग्रॅममध्ये या नावाचा ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमला दिसणारा, व्हेरिएबल होता. ऑब्जेएफपीसीत फंक्शनच्या आत तेच नाव फंक्शनची परतीची किंमत ठरतं, त्यामुळे तिथे दिलेली किंमत त्यातच गेली आणि ग्लोबल शून्यावरच राहिला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मोड बदलण्याआधी हे नाव जरूर शोधा.