आत्याच्या वहीत जागोजागी ‘गेलं’ असं का लिहिलंय? (बिनाका गीतमाला आणि जुना रेडिओ)

सोमवारपेठकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जुन्या नाशकातला आमचा वाडा या महिन्यात उतरवायला घेतलाय. माळ्यावरून दोन वस्तू खाली आल्या आणि त्या भंगारात द्यायला मन धजत नाही.

एक, लाकडी पेटीचा व्हॉल्व्हचा रेडिओ. समोरच्या काचेवर लाल नेलपॉलिशचे तीन ठिपके आहेत, २५, ३१ आणि ४१ या आकड्यांपाशी. दुसरी वस्तू म्हणजे मोठ्या आत्याच्या चार वह्या. प्रत्येक पानावर वर ‘बुध.’ आणि तारीख, खाली १६ पासून १ पर्यंत उलटे आकडे, समोर गाण्याची पहिली ओळ. १९६३ ते १९६७, एकही बुधवार चुकलेला नाही. श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवरची दर बुधवारची हिंदी गाण्यांची क्रमवारी, म्हणजे बिनाका गीतमाला आहे, एवढं कळलं. पण मधेमधे गाण्याच्या जागी नुसतं ‘गेलं’ लिहिलंय. १३ जुलै १९६६ च्या पानावर तर ११ पासून ५ पर्यंत सगळंच ‘गेलं’.

आत्याला जाऊन नऊ वर्षं झाली. विचारायला घरात कोणी उरलं नाही. हे ‘गेलं’ काय आहे, ठिपके कसले, आणि हा रेडिओ लावून बघू का?

भद्रकाली१९५०

‘गेलं’ वाचलं आणि चष्मा काढून थोडा वेळ तसाच बसलो. आमच्या घरात हाच शब्द होता. गाणं रंगात आलं की आवाज विहिरीत उतरावा तसा खोल जायचा आणि माझी बहीण ओरडायची, ‘गेलं गं आई, गेलं!’ दहा-पंधरा सेकंदांत बहुतेक वेळा परत वर यायचं. तेवढ्यात निवेदक अमीन सायानींनी पायदान (गाण्याचा क्रमांक) आणि गाणं सांगून टाकलं असलं, तर वहीत ‘गेलं’. आमच्या वहीतल्या अशा जागा आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत विचारून भरायचो. तुमच्या आत्यांनी जे कानावर पडलं तेवढंच लिहिलं. त्या वह्या कृपा करून जपा.

माझा जन्म १९५० चा. भद्रकालीत दोन खोल्यांत आम्ही सात जण. बुधवार म्हणजे गंगेवरचा, गोदाकाठचा बाजार. आई दुपारी पिशव्या घेऊन जायची, दिवेलागणीला परत यायची आणि मेथी निवडायला बसायची ती रेडिओसमोरच, कारण आठ वाजता सिलोन. आमच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती. तिची मोटर चालू असली की रेडिओत नुसती खरखर. म्हणून पावणेआठला मला पाठवायचे, ‘शेवटचं दळण किती वेळ चालेल, विचारून ये.’ गिरणीवाल्यांच्या घरात रेडिओ नव्हता. पट्टा उतरवला की ते पिठाच्या अंगानेच आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे. त्यांच्या भुवयांवरचं पीठ मला आजही दिसतं.

आता ठिपक्यांचं. ते मीटरचे, म्हणजे रेडिओलहरींच्या लांबीचे आकडे. शॉर्टवेव्हला काटा केसभर हलला तरी दुसरंच स्टेशन लागायचं, अरबी, चिनी, नाहीतर तारायंत्राची कडकड. एकदा सिलोन सापडलं की काचेवर खूण करायची. आम्ही कुंकवाचं बोट लावायचो, ते पुसलं जायचं. आत्या हुशार. सकाळी आमच्याकडे २५ वर चांगलं लागायचं. साडेसातला जुन्या चित्रपटांची गाणी, शेवटचं गाणं सैगलचं. ते सुरू झालं की वडील सायकलला हात घालायचे, घड्याळ कोणी बघायचंच नाही. संध्याकाळी २५ वर हात टेकले की काटा ४१ वर न्यायचा.

सिलोनच का, असं माझा नातू विचारतो. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीतावर जीव. सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून त्यांनी जवळजवळ हद्दपार केली. शास्त्रीय गायक-वादकांना त्यांच्यामुळे आधार मिळाला हे मी मानतो, पण घरोघरचा काटा त्यांनीच सिलोनकडे ढकलला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला बिनाका सुरू झाली. विविध भारती आली १९५७ च्या ऑक्टोबरात, तोवर लोकांना बुधवारची सवय लागून गेली होती.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. सायानी गीतमाला कोलंबोत बसून करत नव्हते. ती मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायची आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. म्हणजे आमच्यापासून दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर बोललेला माणूस समुद्र ओलांडून जायचा, तिथून आभाळात चढायचा आणि सोळाशे किलोमीटर पार करून भद्रकालीतल्या आमच्या खोलीत उतरायचा. एवढ्या लांबच्या वाटेत त्याचं एखादं वाक्य सांडलं, तर त्याची नोंद तुमच्या आत्यांनी ठेवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सायानी गेल्याची बातमी आली, तेव्हा मी बहिणीला फोन केला. ती एवढंच म्हणाली, ‘गेलं रे.’

सोल्डर_पंचवटी

दादा, रेडिओ थेट प्लगमध्ये घालू नका, हात जोडून सांगतो. इतकी वर्षं बंद असलेल्या सेटचे कंडेन्सर सुकलेले असतात. एकदम २३० व्होल्ट दिले तर ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि तो परत मिळणं अवघड. आधी मागची पाठ काढा, धूळ ब्रशने झाडा, वायरचं रबर भुगा झालं असेल तर बदला. मग साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे रेडिओकडे जाणाऱ्या एका वायरीच्या मधे जोडून चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लखलखीत पेटत राहिला तर लगेच बंद करा. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो, घाई नको.

आवाज जायचा तो सेटचा दोष नव्हता. शॉर्टवेव्ह वरच्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येते. तो थर सूर्यावर अवलंबून, सारखा हलता. एकच लहर दोन वाटांनी येते, कधी दोघी एकमेकींना साथ देतात, कधी मारतात. सिलोनचा तो मोठा ट्रान्समीटर १०० किलोवॅटचा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश फौजांसाठी मागवलेला. ताकद भरपूर होती, पण आभाळापुढे ताकद चालत नाही.

वाड्याच्या गच्चीवर तांब्याच्या जाळीची पट्टी आणि चिनी मातीचे गोळे दिसले तर तेही उतरवून ठेवा. ती एरियल आहे.

सोमवारपेठकर

पट्टी आहे! दोन खांबांच्या मधे काळी पडलेली. आम्ही लहानपणी तिच्यावर पतंगाचा मांजा अडकला म्हणून ओरडा खाल्लाय आणि ती कशाची आहे ते आज कळलं. भद्रकाली काका, तुमचं उत्तर घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पण ते जुलैचं पान? ११ पासून ५, म्हणजे सात गाणी सलग. एवढा वेळ आवाज जातो का?

भद्रकाली१९५०

नाही, एवढा वेळ सहसा जात नाही. जुलै म्हटल्यावर माझा अंदाज विजेचा. गडगडायला लागलं की एरियलची पिन काढून खिडकीबाहेर टाकायची, अशी वडिलांची सक्त ताकीद असायची. गाणं कितीही आवडतं असो. त्या रात्री जुन्या नाशकावर वीज चमकत असणार आणि आत्या मुक्या रेडिओसमोर वही उघडी ठेवून बसल्या असणार. ४ ला परत लिहिलंय, म्हणजे पिन लगेच लावली त्यांनी.

मनमाडची_मुलगी

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. वडील रेल्वेत होते, १९६६ ला आम्ही मनमाडला क्वार्टरमध्ये राहायचो. माझ्या थोरल्या भावाला सुरुवातीपासूनचं वेड. बिनाकात आधी सात गाणी वाटेल त्या क्रमाने वाजवायचे आणि बरोबर क्रम लावणाऱ्याला १०० रुपये बक्षीस असायचं, तेव्हा तो दर आठवड्याला कार्ड टाकायचा. बक्षीस कधी लागलं नाही. वही मात्र मी पुढे चालू ठेवली.

आत्ता कपाटातून काढली. १३ जुलैचं पान आहे. मनमाडला त्या रात्री वीज चमकत नसावी, कारण ११ ते ५ सगळी गाणी लिहिलेली आहेत. माझं ३ नंबरचं गाणं राहिलंय. शेजारून मालगाडी गेली की आम्हाला काहीच ऐकू यायचं नाही, तिथे मी रेघ मारून ठेवायची.

मी आता नाशिकरोडला असते. तुमच्या आत्यांनी ३ ला काय लिहिलंय ते इथे टाकू नका. वही घेऊन या, शेजारी शेजारी ठेवून बघू.