मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टाकीत आरओचं पाणी थेंबथेंब सोडायचंय

नमस्कार मंडळी. घरी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची शोभेची टाकी (अक्वेरियम) आहे, खाली संप, म्हणजे तिचंच पाणी फिरवणारी छोटी टाकी. उन्हाळ्यात रोज साधारण ३ लिटर पाणी उडतं. मीठ मागेच राहतं, त्यामुळे क्षारता ३५ (दर हजार भागांत ३५ भाग मीठ) वरून चढत जाते. आत्तापर्यंत सकाळी एकदम तांब्याने आरओ-डीआयचं (क्षार काढून टाकलेलं) पाणी ओतायचो, पण त्या झटक्याने प्रवाळ आक्रसतात असं वाटतं.

म्हणून जुगाड केला: वर कॅन, त्याला मेडिकलमधून आणलेला सलाईनचा सेट. २० थेंबांचा एक मिली धरला तर ३ लिटरला मिनिटाला ४२ थेंब लागतात. रात्री बरोबर ४२ लावून झोपतो, सकाळी बघतो तर २५! कॅनमधली पातळी उतरली की दाब कमी होतो, हे कळतंय. सेटच्या नळीवरचं थेंब कमी-जास्त करायचं चाक थोडं जास्त उघडून ठेवायची हिंमत होत नाही. संप भरून वाहिला तर खालच्या मजल्यावरचे काका आहेतच.

थेंबांचा वेग कायम कसा ठेवता? की सरळ संपमध्ये फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी भरली की तरंगत्या गोळ्याने बंद होणारा नळ) बसवू? तो अडकून उघडाच राहिल्याचा अनुभव कुणाला आहे का? आमच्याकडे वीजही जाते, तेव्हा विजेवर न चालणारा उपाय असेल तर आधी तो सांगा.