मदत हवी आहे: अंड्यातलं पिवळं खायचं की टाकायचं?

मंडळी, घरात रोज एकच वाद. बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, तेव्हापासून आई अंड्यातलं पिवळं बाजूला काढते. (ते माझ्या पोटात जातं, तो भाग वेगळा.)

माझ्या वाचनाप्रमाणे रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं आणि बहुतेकांना खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबी (लोणी-तुपात असते ती) जास्त भोवते. अमेरिकेच्या आहारविषयक सूचनांतली रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादाही २०१५ च्या आवृत्तीत गेली. एका मोठ्या अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, सगळं पिवळ्यात. पण ड जीवनसत्त्व, कोलीन नावाचं पोषकद्रव्य आणि सहापैकी अडीच-पावणेतीन ग्रॅम प्रथिनंही तिथेच! आईला पटत नाही. गंमत म्हणजे उरलेलं पांढरं ती भरपूर लोण्यात परतते.

खरी अडचण पुढेच आहे. बाबांना मधुमेहही आहे, आणि तिथे मी जोर करून बोलू शकत नाही, कारण मधुमेह असलेल्यांबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. तोवर विचारतो: अशी दोन्ही दुखणी घरात कुणाला आहेत का? आहारतज्ज्ञांनी आठवड्याला किती अंडी सांगितली, पिवळ्यासकट की त्याशिवाय?