अनुभव धागा : जिवंत शेवंड (लॉब्स्टर) किंवा खेकडा घरी आला की तुमच्याकडं काय होतं?

सुमन_सातरस्ता
पाऊस झाला आणि बाजारात सुतळीनं बांधलेले काळे खेकडे दिसायला लागले, तेव्हा आमच्या रेल्वे क्वार्टरमधली शेवंड आठवली. मामंजींचा रत्नागिरीचा एक दोस्त रात्रीच्या एसटीनं थर्माकोलच्या खोक्यात दोन जिवंत शेवंडी घेऊन आला होता, ओल्या गोणपाटात गुंडाळून. खोकं उघडलं तर आतनं करकर करकर. सासूबाईंनी देवघराचं दार लावून घेतलं. मामंजी आधण ठेवून "टाकू का?" म्हणत उभे, तर दोस्त म्हणाला, अहो थांबा, आधी झोपवा तिला. बर्फवाल्याकडनं लादीचा तुकडा आणला, फोडून मीठ घातलेल्या पाण्यात टाकला आणि त्यात दोघींना ठेवलं. हळूहळू मिशा थांबल्या. अर्ध्या तासानं त्यानं डोळ्याला काडी लावून बघितली, डोळा हलला नाही, मगच जाड सुरी डोक्याच्या मधोमध ठेवून एका दाबात खाली. कालवण जरा खारट झालं होतं हे पण आठवतंय. तुमचं लिहा.

माहेर_मालवण
ती करकर म्हणजे मिशांच्या बुडाशी घासून काढते ती, धरली की करतेच. व्हिडिओत रबरबँड लावलेल्या मोठ्या नांग्यांची दिसते ती अटलांटिकमधली, आपल्या शेवंडीला तसल्या नांग्या नसतात पण पाठीचे काटे हात सोलून काढतात, फडक्यानं धरा. आणि नुसतं डोक्यावर मारून भागत नाही हं, तिचा मेंदू एका जागी नसतो, डोक्यापासून शेपटीपर्यंत मज्जातंतूच्या गाठींची माळ असते, म्हणून डोकं झालं की लगेच सुरी फिरवून उभी दोन फाकं करायची. पाय नंतरही थोडे हलतात, ते बघून किंचाळू नका, आमच्या जाऊबाई किंचाळल्या होत्या

कन्ना_चौक
काय करायलाव बे सगळे, खेकड्याला भूल द्यायलाव? आमची आजी जिवंतपणीच नांग्या मोडायची, कडाकड. खायचंच आहे तर कसली दया

भीमाकाठ
@कन्ना_चौक आमच्याकडं पण तसंच चालायचं. उजनीच्या फुगवट्यातनं चुलता पिशवी भरून आणायचा आणि आम्ही पोरं एकेक पाय मोडायला बसायचो, खेकडा डेंगा (नांगी) मारायचा म्हणून आम्हीच मोठे शूर. आता मी बर्फाच्या पाण्यात ठेवतो, पार थंड पडला की उलटा करून पोटावरचा पदर उचलायचा, त्याच्याखाली टोकदार सळई आणि दुसरी डोळ्यांच्या मधे. खेकड्याचे मज्जातंतू या दोन ठिकाणी गोळा झालेले असतात. अजून एक, थंड केलेला खेकडा डेंगे गाळत नाही. जिवंत उकळत्या पाण्यात टाकला की स्वतःच पाय सोडून देतो आणि सगळा रस पाण्यात. दया बाजूला ठेव, निदान कालवणासाठी तरी कर.

कन्ना_चौक
हे पटलं की. कालवणासाठी करतो

अक्का_विजापूरवेस
मी शाकाहारी हो, शेंगा चटणीचं काहीतरी असेल म्हणून उघडलं 😄 पण वाचत बसले. आमच्या शेजारच्या घरात पावसाळ्यात खेकडे शिजले की आमचं मांजर दोन दिवस घरी येत नाही

रात्रपाळी_सिस्टर
ड्युटीवरून लिहितेय म्हणून तुटक. नदीचा, ओढ्याचा खेकडा अर्धाकच्चा खाऊ नका, चुलीत वरवर भाजून तर अजिबात नाही. त्यात पॅरागोनिमस नावाची फुफ्फुसात जाणारी कृमी असू शकते. मणिपूर-नागालँडकडं असे पेशंट मिळतात, जुना खोकला, थुंकीत रक्त, सगळे टीबी समजतात आणि टीबीच्या गोळ्यांनी फरक पडत नाही. नीट शिजवला की ती मरते. पण लोक काय करतात, लहान पाय पाट्यावर वाटून रस गाळतात आणि तोच पाटा नुसता पुसून त्यावर कोशिंबिरीचा ठेचा!! पाटा, सुरी, हात साबणानं धुवा. तो रस खळखळ उकळू द्या. बेल वाजली, येते

सुमन_सातरस्ता
सिस्टर लै उपयोगाचं सांगितलंत. सर्दी झाली की पहिला खेकड्याचाच रस्सा द्यायची आमची आई, छातीला शेक म्हणून

पोरगा_बर्नला
मी असतो तिथं, स्वित्झर्लंडमध्ये, २०१८ पासून शेवंड जिवंत उकळायला कायद्यानंच बंदी आहे, आधी बेशुद्ध करावी लागते. ब्रिटननं पण २०२२ च्या कायद्यात खेकडे-शेवंडींना जाणीव असलेले प्राणी धरलंय. इथं कुणी पातेल्यातल्या 'किंचाळण्या'बद्दल विचारेल, तर तिला घसाच नाही, कवचातनं वाफ-हवा निघते त्याची शिट्टी आहे ती. म्हणजे दुखत नाही असं नाही. गावाकडच्या कडक भाकरीची आठवण मात्र इथं कुठल्याच कायद्यानं जात नाही

नव_गृहिणी
एक शंका, शेवंड आणल्यावर टबात पाण्यात सोडून ठेवली तर चालेल ना संध्याकाळपर्यंत? आणि मेलेली निम्म्या किमतीत देतोय एकजण

माहेर_मालवण
नको गं बाई! खाऱ्या पाण्यातली ती, नळाच्या गोड्या पाण्यात हळूहळू मरते, त्यापेक्षा सुरी परवडली. ओलं गोणपाट गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव, पिशवीचं तोंड बांधू नकोस, श्वास घ्यायचाय तिला. आणि मेलेली फुकट दिली तरी नको, मेल्यावर आतनं फार लवकर सडते आणि उकळून सगळंच निघत नाही. उचलल्यावर शेपटी फटकन आत घेते ती जिवंत. लोंबकळली तर परत दे. अर्धा किलोची असेल तर उकळी आल्यावर दहा मिनिटं, मांस काचेसारखं दिसायचं थांबून पांढरं झालं पाहिजे. नुसतं कवच लाल झालं म्हणून उतरवू नकोस, रंग आधीच येतो

भीमाकाठ
टब भरायला नळाला पाणी यायला पाहिजे आधी. चार-पाच दिवसाआड येतंय, त्यात शेवंडीला आंघोळ

नव_गृहिणी
😂😂 बरं मेलेली नको म्हणून सांगितलं त्याला. घरात एकाला कोळंबीनं अंगावर गांधी उठतात, त्याला शेवंड चालेल?

रात्रपाळी_सिस्टर
नाही!! कोळंबी, खेकडा, शेवंड, सगळ्यांत ॲलर्जीचं प्रोटीन जवळपास तेच, शिजवून जात नाही. त्याचा डबा, पळी, कढई वेगळी ठेवा. ओठ सुजले, श्वास लागला तर सरळ दवाखाना

कन्ना_चौक
@भीमाकाठ काका रविवारी खेकडे कुठं घेता? अमावस्येचे भरलेले असतात म्हणे, खरं का

भीमाकाठ
म्हणतात बाबा. मी उचलून वजन बघतो, हलका लागला की ठेवून देतो. ये सकाळी सातला, नंतर नुसते पाय उरतात. पिशवी जाड आण.