'डिसीज' या शब्दाचा मूळ अर्थ खरोखर 'मनाची अशांती' असा होता का?

अमळनेरची वाचक

सर्वांना नमस्कार. मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून नुकतीच निवृत्त झाले आहे. गेल्या रविवारी आमच्या भागात आरोग्यविषयक शिबिर झाले. तेथील व्याख्यात्यांनी फळ्यावर 'डिसीज' हा शब्द लिहिला, मध्ये आडवी रेघ ओढून त्याचे 'डिस' आणि 'ईज' असे दोन तुकडे केले आणि सांगितले की, मनाची शांती ढळली म्हणजेच रोग होतो हे इंग्रजांच्या पूर्वजांना ठाऊक होते व म्हणूनच त्यांनी रोगाला हे नाव दिले. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र घरी येईपर्यंत विचार करत राहिले, कारण शब्दाची फोड चुकीची वाटत नव्हती, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष काही केल्या पटत नव्हता. या शब्दाचा इतिहास कोणी नीट सांगेल का?

धुळ्याचा भाषाभ्यासक

ताई, तुमची शंका योग्य आहे. फोड बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे.

हा शब्द मुळात इंग्रजी नाही. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार, न्यायालय आणि शिकलेल्या लोकांचा व्यवहार फ्रेंचमध्ये चालू लागला. त्या काळात जे असंख्य शब्द इंग्रजीत आले, त्यांपैकी हा एक. त्यापूर्वीच्या इंग्रजीत रोगाला 'आडल' असा शब्द होता. तो पुढे साफ बुजला, आणि आजाऱ्यासाठी असलेला 'सेओक' मात्र 'सिक' या रूपात टिकला. जुन्या फ्रेंचमधील 'एझ' म्हणजे आराम, सोय, मोकळीक, आणि त्याला अभावदर्शक उपसर्ग लागून झालेला 'देझेझ' म्हणजे गैरसोय, त्रास, क्लेश. इंग्रजीत आल्यावर सुरुवातीला या शब्दाचा हाच अर्थ होता आणि त्यात शरीराच्या रोगाचा संबंध असलाच पाहिजे असे नव्हते. वाटेत गाडा मोडला, सावकाराने तगादा लावला किंवा पाहुण्यांनी झोपू दिले नाही, तरी तो 'डिसीज'च.

चौदाव्या शतकातील कवी चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये एक मठवासी यात्रेकरू थोरामोठ्यांच्या अधःपाताच्या कथा एकामागून एक सांगत सुटतो. अखेर यात्रेकरूंपैकीच एक सरदार त्याला थांबवतो आणि म्हणतो की, सुखात असलेल्या माणसांच्या अचानक पतनाची हकीकत ऐकणे हा आपल्याला मोठा 'डिसीज' वाटतो. तेथे कोणाला ताप आलेला नाही. ऐकून जीव कष्टी होतो, एवढेच त्याला म्हणायचे आहे.

याहून गमतीचे उदाहरण बायबलच्या भाषांतरात आहे. विल्यम टिंडलने 1526 मध्ये नवा करार इंग्रजीत आणला, तेव्हा हा शब्द क्रियापद म्हणूनही चालत असे. याईराची मुलगी अत्यवस्थ असते, तो येशूला घरी घेऊन निघतो, आणि वाटेत निरोप येतो की मुलगी वारली, आता गुरुजींना आणखी त्रास कशाला देता. 'त्रास देणे' यासाठी टिंडलने 'डिसीज' हेच क्रियापद वापरले. आजच्या वाचकाला ते 'गुरुजींना रोगी कशाला करता' असे वाटेल. 1611 च्या अधिकृत भाषांतरात त्या जागी 'ट्रबल' हे क्रियापद आले. शेक्सपियरच्या 'कोरिओलेनस' नाटकातही एक स्त्री म्हणते की, अमकीला सोबत घेतले तर ती आपली मौज 'डिसीज' करील, म्हणजे मौजेवर विरजण घालील.

रोग हा अर्थ चौदाव्या शतकापासूनच शेजारी नांदत होता. रोग हाही एक त्रास, आणि त्याचे नाव तोंडावर घेण्यापेक्षा 'त्रास' म्हणणे सौम्य, एवढेच त्याचे कारण असावे असे मला वाटते. आपणही दुर्धर रोगाला 'त्याला तो त्रास आहे' असे म्हणतोच. पुढे हा सौम्य शब्दच रोगाचे रोखठोक नाव बनला आणि जुना अर्थ मागे पडला. म्हणजे कोणा पूर्वजाने रोगाचे कारण शोधून त्याला हे नाव दिले, असे काही घडलेले नाही.

व्युत्पत्तीला पुरावा मानण्याची चूक आपल्याकडेही होते. 'तेल' हा शब्द 'तिळा'पासून आला, पण जळगावच्या बाजारात शेंगदाण्याचे आणि सरकीचे तेल घेणारा गिऱ्हाईक त्यात तीळ शोधत नाही. 'कुशल' म्हणजे मूळचा कुश गवत हात न कापता तोडणारा असे परंपरेने सांगतात, पण कुशल गवंड्याला कोणी गवत कापायला लावत नाही.

भुसावळचा निवृत्त रेल्वे कर्मचारी

धुळ्याच्या सरांनी इतके सविस्तर लिहिले आहे की मी फक्त मराठी बाजू जोडतो. 'आजार' हा आपला रोजचा शब्द फारसीतून आला आहे आणि तेथे 'आझार' म्हणजे इजा, क्लेश, उपद्रव. उर्दूत आजही एखाद्याचे मन दुखावण्याला 'दिल-आझारी' म्हणतात. म्हणजे फारसीतला त्रास मराठीत रोग झाला आणि फ्रेंचमधला त्रास इंग्रजीत रोग झाला. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता तीच वाट धरली. थाळनेर आणि बुऱ्हाणपूर येथून 1382 ते 1601 या काळात फारुकी सुलतानांनी आपल्या खानदेशावर राज्य केले, त्यामुळे आमच्याकडे फारसी शब्दांचे कोणाला नवल वाटत नाही.

दुसरे असे की, 'अस्वस्थ' हा शब्द तर आजही दोन रुळांवर धावतो. हिंदीत त्याचा अर्थ सरळ आजारी असा होतो, आणि मराठीत त्याचा पहिला अर्थ बेचैन. आमच्या कार्यालयात बाहेरच्या राज्यातून बदलून आलेल्या एका सहकाऱ्याने मराठीत अर्ज लिहिण्याचा उत्साह दाखवून 'मी अस्वस्थ असल्याने दोन दिवस रजा मिळावी' असे लिहिले होते. साहेबांनी त्याला बोलावून काळजीने विचारले की, घरी काही वाद झाला आहे का. बिचाऱ्याला साधे हगवणीचे दुखणे होते.

शहाद्याची डॉक्टर

मी गेली अनेक वर्षे रुग्ण तपासते, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडते. आमच्याकडे अहिराणी बोलणारा रुग्ण खुर्चीवर बसताच 'जीवले बरं नही' म्हणतो. तो 'आंगले' म्हणत नाही, 'जीवले' म्हणतो. ताप, अशक्तपणा, पिकाची चिंता आणि मुलीच्या लग्नाची विवंचना हे सगळे त्या एका शब्दात येते. चॉसरच्या सरदाराचा 'डिसीज' असाच ऐसपैस दिसतो. तेव्हा व्याख्यात्यांना जुन्या अर्थाची जी चाहूल लागली ती अगदीच पोकळ नव्हती.

मात्र आजच्या वैद्यकात हा शब्द नेमका उलट्या टोकाला गेला आहे. डॉक्टरला शरीरात जो बिघाड सापडतो तो 'डिसीज', आणि रुग्णाला स्वतःला जे जाणवते ते 'इलनेस', असा भेद अभ्यासक करतात. गंमत अशी की, 'इल' हा शब्द बाराव्या शतकाच्या सुमारास उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आला तेव्हा त्याचा अर्थ 'वाईट, दुष्ट' असा होता. 'इल विल' म्हणजे दुष्टावा, हे त्याचेच अवशेष. आजारी हा अर्थ त्याला पंधराव्या शतकात चिकटला. ज्या शब्दात अस्वस्थतेची जाणीव होती तो प्रयोगशाळेत गेला आणि ज्यात दुष्टपणा होता त्याच्याकडे जाणीव आली.

व्याख्यात्यांच्या निष्कर्षाला माझा आक्षेप आहे तो वेगळ्याच कारणासाठी. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकल सेल हा रक्ताचा रोग आढळतो. तो आईवडिलांकडून आलेल्या जनुकामुळे होतो, आणि मन कितीही शांत ठेवले तरी रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकायच्या थांबत नाहीत. उलट, वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे कसलाही त्रास न देता आत राहतो. रुग्ण पूर्ण 'ईज'मध्ये असतो आणि 'डिसीज' मात्र चालूच असतो. फळ्यावरच्या आडव्या रेघेवर विश्वास ठेवून कोणी गोळ्या बंद केल्या, तर त्याची किंमत तो रुग्ण मोजणार आहे.

अमळनेरची वाचक

सर्वांचे आभार. टिंडलचे उदाहरण मला ठाऊक नव्हते. डॉक्टरताई, तुमचा शेवटचा मुद्दा वाचून मी चपापले, कारण शिबिरात माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी व्याख्यान संपल्यावर रक्तदाबाची गोळी आता घ्यावी की नाही असे मला खरोखर विचारले होते, आणि मी हसून विषय टाळला होता. त्या दोन गल्ल्या पलीकडेच राहतात, संध्याकाळी जाऊन येते.