सरकारला तूट करायला घटनेनेच बंदी घालावी का?

ठोकताळा (धागाकर्ता):
थेट मुद्द्यावर येतो. जेवढी कमाई तेवढाच खर्च, हे बंधन देशाच्या सरकारवर घटनेतूनच घातलं पाहिजे असं माझं मत आहे, साध्या कायद्याने भागत नाही, कारण कायदा करणारेच तो साध्या बहुमताने वाकवतात. अमेरिकेने 1985 मध्ये ग्रॅम-रडमन-हॉलिंग्ज कायदा केला, 1991 पर्यंत तूट शून्य करतो म्हणाले, 1987 मध्ये मुदत 1993 वर नेली आणि 1990 मध्ये सगळं बाजूला ठेवून नवीनच नियम आणले. भारतात 2003 चा एफआरबीएम (सरकारी तुटीला लगाम घालणारा) कायदा बघा, महसुली तूट, म्हणजे रोजच्या चालू खर्चातली तूट, शून्यावर आणायची होती, मुदत पुढे पुढे ढकलली आणि 2018 मध्ये ते उद्दिष्टच काढून टाकलं. पेपर अवघड गेला म्हणून विषयच रद्द!

मूळ दुखणं काय आहे, तर खर्च आज दिसतो, त्यावर मतं आज मिळतात, आणि बिल ज्यांच्या नावाने फाडलं जातं त्यातल्या निम्म्यांना अजून मतदानाचा हक्कच नसतो. 2024 च्या आर्थिक वर्षात अमेरिकेने संरक्षणापेक्षा जास्त पैसा नुसत्या व्याजावर घालवला. त्या व्याजातून ना पूल झाला ना शाळा.

शेवटचा_बाक:
अंथरूण पाहून पाय पसरावेत हे घरापुरतं ठीक आहे हो, पण सरकार स्वतःचं अंथरूण स्वतःच विणतं हे विसरताय. मंदी आली की कर कमी जमतो, बेकारांना मदत द्यावी लागते, म्हणजे कोणी उधळपट्टी न करताही तूट आपोआप होते. आता तुमची घटना म्हणणार की समतोल पाहिजे, म्हणजे लोकांच्या नोकऱ्या जाताहेत नेमकं तेव्हाच कर वाढवा नाहीतर खर्च कापा. 1937 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हेच केलं, तूट कमी करायला खर्च आवळला आणि सावरत असलेली अर्थव्यवस्था पुन्हा तोंडावर आपटली.

ठोकताळा:
1937 चं उदाहरण येणार हे माहीतच होतं. त्याच सुमारास फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, बँकांनी कर्जाऊ न देता बाजूला ठेवायच्या राखीव रकमेची अट दुप्पट केली होती आणि सोशल सिक्युरिटीचा (सरकारी पेन्शन योजनेचा) नवा करही सुरू झाला होता, ते सोयीस्कर विसरायचं आणि सगळं खापर समतोलावर फोडायचं.

शेवटचा_बाक:
नवा कर लावून तूट कमी करणं यालाच तर समतोल म्हणतात ना राव? माझाच मुद्दा मला परत दिलात, धन्यवाद.

निमूट:
😀 हा पॉइंट शेवटच्या बाकाला.

रातकिडा:
मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. खरा प्रश्न कर्ज कशासाठी काढलं हा आहे. पन्नास वर्षं टिकणारा बोगदा एकाच वर्षाच्या करातून बांधायचा म्हणजे आजच्यांनी सगळं भरायचं आणि पुढच्यांनी फुकट वापरायचा, मग पिढ्यांमधल्या न्यायाची तुमची भाषा उलटी होते की नाही? अमेरिकेत व्हरमाँट सोडून बाकी राज्यांवर समतोलाचं बंधन आहे असं कौतुकाने सांगतात, पण ते बहुतेक ठिकाणी रोजच्या चालू खर्चापुरतं असतं, रस्त्या-इमारतींसाठी ती राज्यं बिनधास्त रोखे काढतात. शिवाय मंदीत त्यांना केंद्र सरकार हात देतं. केंद्राला कोण देणार?

खडूस_गणिती:
अहो नियम घटनेत लिहिला म्हणून पळवाटा बंद होतात असं कुणी सांगितलं तुम्हाला. जर्मनीने 2009 मध्ये घटनेत घातला, केंद्राची संरचनात्मक तूट (मंदी-तेजीचा परिणाम वगळून उरणारी) जीडीपीच्या 0.35 टक्क्यांच्या आत. झालं काय? वेगळे 'विशेष निधी' काढायची सवय लागली. कोव्हिडसाठी मंजूर झालेली पण न वापरलेली 60 अब्ज युरोची कर्जमर्यादा हवामान निधीत वळवली, ती नोव्हेंबर 2023 मध्ये घटना न्यायालयाने रद्द केली, वर्षभराने त्याच भांडणात सरकार पडलं आणि मार्च 2025 मध्ये संरक्षणावरचा जीडीपीच्या 1 टक्क्याच्या वरचा खर्च नियमातूनच बाहेर काढला, सोबत 500 अब्जांचा आणखी एक निधी. एफआरबीएमचंही तेच, अन्न महामंडळाच्या अनुदानाचा बोजा वर्षानुवर्षं अल्पबचत निधीतून महामंडळाच्या नावाने काढलेल्या कर्जात लपवला होता, 2021 च्या बजेटमध्ये तो उघड्यावर आणला. नियम जितका कडक तितका हिशेब कलात्मक. आणि नियम पाळायच्या नादात देखभाल मागे पडते, 2024 मध्ये ड्रेस्डेनचा पूल नदीत कोसळला तो काय उगाच?

ठोकताळा:
पुलाचं नका सांगू, तो शहराच्या ताब्यातला होता आणि आतल्या पोलादाला गंजाने तडे गेले होते, त्याचा केंद्राच्या कर्जमर्यादेशी बादरायण संबंध जोडताय. पण बाकीच्या प्रतिसादात तुम्ही नकळत माझीच बाजू मांडलीत. न्यायालयाने 60 अब्ज अडवले कशामुळे? नियम घटनेत होता म्हणून! साधा कायदा असता तर एका दुपारी दुरुस्ती करून मोकळे झाले असते. बदलायला दोन तृतीयांश मतं जमवावी लागली, म्हणजे लोकांसमोर उघड सांगावं लागलं की होय, आम्ही कर्ज काढतोय आणि अमुक कारणासाठी काढतोय. मला एवढंच हवंय.

आणि मंदीचं म्हणाल तर दरवर्षी 31 मार्चला खातं शून्य झालंच पाहिजे असं मी कुठे म्हटलंय (बरं, शीर्षकावरून तसं वाटतंय हे मान्य). स्वित्झर्लंडचं बघा. 2001 मध्ये जनमत घेतलं, जवळजवळ 85 टक्के लोक हो म्हणाले, 2003 पासून लागू. खर्चाची मर्यादा काढताना सरकारी उत्पन्नाला मंदी-तेजीच्या गुणकाने (मंदीत एकाहून जास्त, तेजीत कमी) गुणतात, म्हणून मंदीत थोडी तूट चालते आणि तेजीत शिल्लक टाकावीच लागते. आणीबाणीत जादा खर्च करता येतो, पण संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, नुसतं हजर असलेल्यांचं नाही. आणि तो पैसा नंतर भरून काढायचा असतो, कोव्हिडचा भरायला त्यांनी 2035 पर्यंतची मुदत घेतली.

शेवटचा_बाक:
तो गुणक ठरवतो कोण? अर्थव्यवस्था तिच्या क्षमतेच्या किती वर किंवा खाली आहे याचे आकडे दोन-दोन वर्षांनी सुधारले जातात, आज तेजी वाटली ती नंतर मंदी निघते. म्हणजे संसदेत व्हायचा निर्णय एका सूत्रातल्या अंदाजावर ढकलायचा. तो अंदाज बांधणाऱ्यांना कोणी मत दिलेलं नसतं.

रातकिडा:
आणि एक, 1995 मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये समतोलाची घटनादुरुस्ती एका मताने हुकली, तरी 1998 ते 2001 अशी चार वर्षं बजेट शिलकीत होतं. दुरुस्तीविना. मग नियम कशाला?

ठोकताळा:
आणि 2001 नंतर एकदाही नाही. एवढं उत्तर पुरे.

गुणकाचा मुद्दा मात्र मान्य करतो, त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. पण चुकीच्या अंदाजाने दोन वर्षं थोडं जास्त आवळणं परवडेल, कायम सैल सोडणं नाही.

खडूस_गणिती:
म्हणजे बंदी नाही, दरवर्षी समतोल नाही, मंदीत सूट, आणीबाणीत सूट, बोगद्याचं अजून उत्तरच नाही. धाग्याचं शीर्षक तेवढं बदला की.

ठोकताळा:
शीर्षक बदललं तर तुम्ही भांडायला आला असता का?